पहिला तांब्या

३० मार्च, गुढीपाडवा

दमयंतीची आई आम्हाला उभ्याने पाणी पिऊ द्यायची नाही. कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की दमयंती मला तिच्या गावी न्यायची. हातखंब्याला एसटीतून उतरायचं, दगडी गडग्यांमधल्या पायऱ्यांच्या पाखाडीने खाली चालत जायचं, आणि घरात शिरायच्या आधी विहिरीवर थांबायचं. तोपर्यंत शाळेचे पांढरे मोजे मातीने लाल झालेले असायचे. दमयंतीच्या आईला मी काकू म्हणायचे. ती रहाटावरून कळशी काढायची आणि आम्ही ओंजळी पुढे केल्या की म्हणायची, "बसा गो आधी. पाणी काय पळून जातंय?" मग आम्ही दोघी कठड्याखालच्या दगडावर बसून एकाच तांब्यातून आळीपाळीने प्यायचो. सिस्टर ॲग्नेसनी ग्लास कसा धरायचा ते शिकवलं होतं, काकूने तांब्या ओठांना न लावता वरून कसा प्यायचा ते. दमयंती मला हसवायची आणि पाणी नाकात जायचं.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे त्याच वाडीत मला काम मिळालं आहे. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सात वर्षांनी! तिथली बंद पडलेली नळयोजना आता एका खाजगी कंपनीने चालवायला घेतली आहे. नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करायचा असतो, त्याला ते सीएसआर म्हणतात. त्यांचा अधिकारी अजिंक्य गुढी उभारून झाल्यावर पेढे घेऊन आला. पुण्याकडचा, तिशीतला, फार गोड बोलतो. म्हणाला, "मॅडम, मराठीत लोकांशी बोलेल आणि इंग्रजीत आमचा अहवाल लिहील असं रत्नागिरीत दुसरं कोण आहे?" मानधनही आहे. मी त्याला म्हटलं, वाडीतली निम्मी माणसं मला नावाने ओळखतात. तो म्हणाला, "तेच तर, मॅडम."

६ एप्रिल

दमयंतीकडे जाऊन आले. तिचा नवरा जहाजावर होता. तो वारल्यावर ती माहेरच्या घरी परतली. भाऊ मुंबईला, तेव्हा घर आणि विहीर तीच सांभाळते. विहीर तिच्या वडिलांची, पण पाणी सगळ्या खालच्या वाडीचं. सकाळी रहाटाचा आवाज थांबत नाही, आणि बायका कळशी भरून झाल्यावरही अंगणात रेंगाळतात.

"कंपनीत लागलीस?" ती म्हणाली. "या वयात? गुडघे काय म्हणतात तुझे?"

"बसून करायचं काम आहे गं."

"मग बरं. उभ्याने करू नको म्हणजे झालं." आणि दोघीही हसलो. काकूची आठवण दोघींनाही एकदमच आली.

११ एप्रिल

कंपनीच्या ऑफिसात बैठक. अजिंक्यला पाण्याबद्दल जागृतीचा मेळावा घ्यायचा आहे. वाडीत फुकट पाणी तपासणी, फोटो, थोडी भाषणं. अडचण एकच, लोक जमत नाहीत. पुरुष कामावर, बायका काजूच्या कारखान्यात.

मी म्हटलं, "विहीर उपसायच्या दिवशी या ना. वर्षातून एकदा सगळी वाडी मिळून दमयंतीची विहीर उपसते, गाळ काढते. मुंबईची मुलंसुद्धा येतात. आधी म्हातारे देवाला गाऱ्हाणं घालतात, नारळ देतात. फार सुंदर असतं ते."

अजिंक्यने टेबलावर हात मारला. "मॅडम, ब्रिलियंट. अहवालाला यापेक्षा चांगले फोटो कुठले मिळणार?"

घरी येताना मलाच माझं कौतुक वाटत होतं. जुन्या गोष्टींची मला किंमत आहे, म्हणून हे सुचलं.

२० एप्रिल

आजचा दिवस मला जपून ठेवायचा आहे.

पहाटेच मोटार लावून पाणी खाली नेलं होतं. केरूने गाऱ्हाणं घातलं. हा केरू आमच्याहून चारपाच वर्षांनी मोठा, लहानपणी आम्हाला बेडूक दाखवून घाबरवायचा. मग तो आणि चार जण आत उतरले आणि घमेल्यांनी गाळ वर येऊ लागला. काळा, चिकट, त्यात कुजलेली पानं, कुणाची तरी प्लास्टिकची बादली, एक स्टीलचा पेला. पेला वर आला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तो कोणाचा यावर गेली दोन वर्षं भांडण होतं. फोटोग्राफर कठड्यावरून वाकून फोटो काढत होता. खालून केरू ओरडला, "अरे फोटोवाल्या, चिखल कुठला नि मी कुठला, ते खाली लिव हां! नायतर बायको वळखायची नाय."

दुपारी तळाशी गुडघाभर नवं पाणी जमलं. अजिंक्यने तपासणीची बाटली माझ्या हातात दिली. "मॅडम, तुम्हीच भरा. लोकांचा विश्वास बसेल." मला पांढरे हातमोजे घालायला दिले. केरूने खालून बादली वर पाठवली आणि त्यातून मी बाटली भरली. फोटोग्राफरच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा भरली, कारण पहिल्यांदा माझे डोळे मिटले होते. ऊन फार होतं. अजिंक्यने मला कंपनीची थंड बाटली दिली, ती पितानाचाही फोटो काढला.

रस्त्याच्या कडेला कंपनीचा नवा सिमेंटचा ओटा दिसला. अजून ओलाच होता, वर गोणपाटं टाकून ठेवली होती. तिथे म्हणे कार्ड टाकून पाणी घ्यायचं यंत्र येणार आहे. किती तत्पर माणसं आहेत ही! मी त्याच्या कडेला छत्री टेकवून ठेवली आणि निघताना जवळजवळ विसरलेच.

निघताना दमयंती म्हणाली, "आज या पाण्याला कुणी तोंड लावत नाय. आठवड्याने निवळलं की पहिला तांब्या तुझा. आईचा नेम होता, पहिला तांब्या पाहुण्याला. येशील ना गो?"

"येणार म्हणजे काय!"

२७ एप्रिल

जाता आलं नाही. अजिंक्यने अहवालाच्या इंग्रजीसाठी बसवून घेतलं, त्यांच्या मुंबईच्या साहेबांना तो रात्रीपर्यंत हवा होता. दमयंतीचा दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी म्हणाली, "तांब्या झाकून ठेवलाय." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. ती म्हणाली, "बरं, बरं. कामाचं बघ आधी."

अहवालात मी उपशाच्या दिवसावर एक अख्खं पान लिहिलं आहे. अजिंक्य म्हणाला, वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

१ मे, महाराष्ट्र दिन

यंत्राचं उद्घाटन झालं. झेंडावंदन उरकून सगळी वाडी ओट्यासमोर मांडवात बसली होती. सरपंच, ग्रामसेवक, कंपनीचे मुंबईचे साहेब. मला शाल, श्रीफळ आणि पाण्याच्या थेंबाच्या आकाराचं काचेचं मानचिन्ह दिलं. पहिलं कार्डसुद्धा माझ्या नावाचं.

तपासणीचा निकाल वाचायचं काम माझ्याकडे होतं. कागद मला मांडवातच मिळाला. दमयंतीच्या विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य. गढूळपणा, जंतू, सगळंच मर्यादेबाहेर. वाचताना मला वाईट वाटलं, पण मी आवाज घट्ट ठेवला. चाळीस वर्षं वर्गात बोलले आहे मी, लाउडस्पीकरवर प्रत्येक शब्द स्पष्ट गेला. नंतर साहेबांनी माझ्या वाचनाचं खास कौतुक केलं. "आईच्या मायेने सांगितलंत," असं म्हणाले.

दमयंती दुसऱ्या रांगेत होती. पाहुण्यांसाठी तिने घरून काकूचा तांब्या आणि फुलपात्रं आणली होती, शेजारी झाकून ठेवलेली. वाचून झाल्यावर बघितलं तर ती नव्हती. तांब्याही नव्हता. उन्हाने डोकं धरलं असेल.

४ मे

दमयंती फोन उचलत नाही. उद्या परत करीन.

९ मे

वाडीवर गेले. यंत्रापाशी रांग होती. वरच्या टोकाला राहणारी राही भेटली. तिला सातवा महिना आहे. ती म्हणाली, "बाई, उतार उतरून विहिरीवर जावं लागत नाय आता. लय बरं झालं." मला फार बरं वाटलं. जूनपर्यंत पाणी फुकट आहे, नंतर कार्डात पैसे भरायचे.

विहिरीवर लाल अक्षरांची पाटी लावली आहे. रहाटाचा दोर काढून ठेवलेला. अंगणात कुणीच नव्हतं. एवढं रिकामं अंगण मी या घरी कधी बघितलं नव्हतं.

दमयंतीने चहा पुढे केला. म्हणाली, "कार्डाच्या पाण्याचा आहे हां. तुला चालेल."

"दमू, असं काय बोलतेस?"

"कसं बोलू मग? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर केरूने उचलून विहिरीत टाकला असता त्याला. तू सांगितलंस म्हणून सगळ्यांनी ऐकलं. कुंदा टीचर खोटं कशाला बोलेल?"

"मी खोटं नाही बोलले. निकाल होता तो."

"मी कुठे नाय म्हणतंय? आता पंचवीस तारखेच्या ग्रामसभेत विहिरीवर स्लॅब टाकायचं ठरतंय. मुलंबाळं पडू नयेत म्हणून. अजिंक्यसाहेब सिमेंट देतोय, फुकट. आई गेली ते बरं, हे बघायला नाय ती."

मी म्हटलं, आरोग्याचा प्रश्न आहे गं. चहा मी पूर्ण संपवला, तिला वाईट वाटू नये म्हणून.

११ मे

कसं लिहू?

सकाळी वैष्णवी आली होती, माझ्या भावाची मुलगी. दर उन्हाळ्यात ती माणूस आणून माझी गच्चीवरची टाकी धुवून घेते. निघताना स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "आत्ते, टाकी धुतलेय. आज नळाचं पाणी गढूळ येईल. दोन दिवस पिऊ नको हां, मी माठ भरून ठेवलाय."

मी म्हटलं, बरं. ती स्कूटरवर बसून गेली आणि मी नळाखाली हात धरून उभी राहिले. तांबूस पाणी बोटांवरून वाहत होतं.

आज या पाण्याला कुणी तोंड लावत नाय. दमयंतीने माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मी ते त्याच दिवशी या वहीत लिहूनही ठेवलं होतं, कौतुकाने. आणि तीच मी, त्याच गाळातून बाटली भरली. दोनदा. डोळे मिटले म्हणून.

तो दिवस तरी कोणी सुचवला? मीच. गाऱ्हाणं बघायला मिळेल, जुनं काही दिसेल, म्हणून. टाकी धुतल्यावर दोन दिवस ते पाणी पिऊ नये एवढं पोरींना कळतं, आणि मी वाडीसमोर उभी राहून काकूच्या विहिरीला नासकी म्हटलं. शाल अंगावर घेऊन.

जेवण गेलं नाही.

१३ मे

अजिंक्यकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला.

"मॅडम, तुम्ही भावनिक होताय. निकाल प्रयोगशाळेचा आहे, तुमचा नाही."

"पण बाटली उपशाच्या दिवशीची होती. आपण पुन्हा तपासू."

"अहवाल मुंबईला गेला. छापून आला. त्यात तुमचंच पान सगळ्यांत जास्त आवडलंय. आता लोकांमध्ये गोंधळ कशाला? शुद्ध पाणी मिळतंय ना त्यांना? कुणाचं नुकसान झालं?"

मी म्हटलं, दमयंतीचं. तो हसला, पण वाईट हसला नाही. म्हणाला, "एका बाईच्या अंगणासाठी आपण वाडी आजारी पाडायची का?" मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. मुलगा वाईट नाही. त्याच्यावरही वरून दडपण असेल. शेवटी बाटली मी भरली, त्याने नाही.

जिना उतरताना गुडघ्याने दगा दिला. त्याने हात धरून मला रिक्षापर्यंत आणलं.

१५ मे

रिक्षा करून वाडीवर गेले. दमयंती लांज्याला नणंदेकडे गेली होती, ती भेटली नाही हे बरंच झालं. केरूला घेऊन विहिरीवर गेले. पाणी काचेसारखं होतं, तळाचा दगड दिसत होता. मी बाटलीला हात लावला नाही. केरूने दोर बांधला, कळशी काढली, मी सांगितलं तसं बाटली भरली. म्हणाला, "फोटो नाय काढायचा आज?" मी खाली बघितलं. मग तोच म्हणाला, "चेष्टा केली हो बाई. तुमी लगेच मनाला लावून घेता."

बाटली बर्फात ठेवून थेट रत्नागिरीच्या सरकारी प्रयोगशाळेत दिली.

१९ मे

पिण्यास योग्य.

कागद हातात धरून तिथल्या बाकावर बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी असं वाटलं की आता लपायला काही कारणच उरलं नाही.

दमयंतीला फोन करावा की नाही? आधी तिच्या एकटीच्या कानात सांगितलं तर ती म्हणेल, जाऊ दे गो. आणि मग मी खरंच जाऊ देईन. मला माझी खात्री नाही. जिथे वाचलं तिथेच वाचलं पाहिजे.

२५ मे

ग्रामसभा शाळेच्या पडवीत होती. सरपंचांनी स्लॅबचा विषय काढल्यावर मी हात वर केला. अजिंक्य पुढच्या खुर्चीवर होता. त्याला वाटलं मी पाठिंबा द्यायला उठले, त्याने माइक माझ्याकडे सरकवला.

मी आधी नवा निकाल वाचला. मग म्हटलं, "पहिली बाटली मी उपशाच्या दिवशी भरली होती. उपसलेल्या विहिरीचं पाणी आठवडाभर कुणी पीत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही सांगितलं होतं. तरी मी भरली आणि तिचा निकाल तुमच्यासमोर वाचला. चूक माझी आहे. विहिरीची नाही, आणि दमयंतीची नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "मग शाल परत दे!" हशा झाला. खरंच होतं ते.

सरपंच मला सांभाळून घ्यायला लागले, बाईंची गफलत झाली वगैरे. तेवढ्यात केरू उठला. "बाईंचं जाऊ दे. मला एक सांगा साहेब, पाणी वाईट हे एक तारखेला कळलं. मग ओटा उपशाच्या दिवशीच वला कसा होता?"

आता कुणी हसलं नाही. अजिंक्य फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. म्हणाला, नियोजनाचा भाग असतो.

मी बसले. हा प्रश्न मला का पडला नाही? मी तर त्या ओल्या ओट्याला छत्री टेकवली होती. वर "किती तत्पर" असं लिहून ठेवलं होतं.

स्लॅब रद्द झाला. पाटी काढायची, आणि दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर ग्रामपंचायतीने पाणी तपासायचं, सगळ्यांसमोर, असं ठरलं. पण बाहेर पडताना दोन बायका बोलत होत्या, "कागद काय, आज एक म्हणतो, उद्या दुसरं. पोरांना कार्डाचंच देणार मी." ते मी केलेलं आहे. ते कुठल्या ग्रामसभेत रद्द होणार?

दमयंती कोपऱ्यात खांबाला टेकून बसली होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सभा संपल्यावर मी पडवीच्या पायरीशी गेले तर माझ्या चपला जागेवर नव्हत्या. उन्हात काढल्या होत्या, कुणीतरी उचलून सावलीत ठेवल्या होत्या. दमयंती तिथून पुढे चालत जाताना दिसली. हाक मारली, ती थांबली नाही. तिचा राग मी समजू शकते. एवढ्या वर्षांची मैत्री आणि एक शब्दही नाही.

२७ मे

परवा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला जायचं आहे. महिनाभर तरी हिंडता येणार नाही. तेव्हा वैष्णवीसाठी इथे लिहून ठेवते. वैष्णवी, हे शेवटचं पान तेवढं वाच, मागची नकोत. किंवा वाच. वाचलीस तरी चालेल.

शाल, काचेचा थेंब आणि मानधनाचा चेक एका पिशवीत घालून ठेवले आहेत. ते अजिंक्यच्या ऑफिसात दे. त्याला नमस्कार सांग, त्याने मला रिक्षापर्यंत हात दिला होता. पिशवी मात्र परत आणू नकोस, त्याने कितीही गोड सांगितलं तरी.

अहवालाच्या दहा प्रती कपाटात आहेत. माझं पान फाडून बंबात घाल, बाकीचं रद्दीत.

कार्ड राहीला दे. तिला उतार उतरायला नको, तिचं सुख खरं आहे. तिच्या मुलाने कुठलं पाणी प्यायचं ते तिने ठरवायचं.

नव्या निकालाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक ग्रामसेवकांना, एक केरूला. त्याने ती वाडीतल्या पिंपळाला चिकटवली तर चिकटवू दे.

माझ्या आईचा पितळी तांब्या चिंचेने घासून ठेवला आहे. तो दमयंतीला. तिच्याकडे काकूचा आहे, तिला दुसरा लागणार नाही हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी उपशानंतर पाणी निवळलं की पहिला तांब्या ज्याला द्यायचा त्याला ती देईल. माझं नाव काढू नकोस.

ती दारातच घेईल, तर दारात दे आणि ये. आत बोलावलं तर जा. तिने विहिरीचं पाणी दिलं तर घाई करू नकोस, स्कूटरची किल्ली खाली ठेव. कठड्याखाली एक सपाट दगड आहे. त्याच्यावर बसून पी. उभ्याने नको.